मांडीवरचा हेडलाइट

मांडीवरचा हेडलाइट तापायला लागला आणि त्याच वेळी धुक्यात बैलगाडी दिसली. रस्त्याच्या बरोबर मधोमध.

ट्रकचा हेडलाइट म्हणतेय मी. ट्रकमधून काढलेला. त्याला वायर नाही, त्यात बल्ब नाही. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून मी तो मांडीवर धरला होता, आणि तो तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा तापत चालला होता. माझा नवरा किसन सगळं अंग टाकून ब्रेकवर उभा राहिला होता. मागे ऊस भरलेला. ट्रक थांबत नव्हता. डावीकडे पाट, तुडुंब वाहणारा, म्हणजे तिकडे वळवायची सोय नाही. समोर गाडी. गाडीत उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, एक बाई आडवी पडली होती आणि तिच्या कुशीत तान्हं पोर होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसले ते बैलांचे डोळे. चार. हिरवे, चमकणारे.

आता बैलाचा डोळा अंधारात चमकायचा तर त्याच्यावर उजेड पडावा लागतो. आमच्या डाव्या दिव्याचा उजेड धुक्यात तिथवर पोचत नव्हता, आणि उजवीकडे दिवाच नव्हता. तिथे नुसतं भोक होतं, आणि त्या भोकात गोणपाट कोंबलं होतं.

आता नीट सांगते.

मी असल्या गोष्टी मानत नाही. आजही मानत नाही, हे आधी लिहून ठेवते. माझा जन्म पुणतांब्याचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान पोरगी होते. बापाने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले, घाटावर नेले आणि गोदावरीत सोडून दिले. आजी काठावर बसून रडली – म्हणाली, आता घरावर काहीतरी येणार. काही आलं नाही. त्या वर्षी ज्वारी उलट बरी झाली. तेव्हापासून कोणी सांगितलं की अमक्या चिंचेवर बाई बसते, तर मी म्हणते, बसू दे, तिला तरी सावली मिळते.

माझं शिक्षण चौथी. पण वाचते रोज. या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात तेही वाचते. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, पायातले पैंजण… वाचते आणि हसते. नात म्हणाली, आजी, हसतेस कशाला, तुझा ट्रकचा अनुभव लिही की. म्हणून लिहायला बसले. माझ्याकडे साडी नाही, हाक नाही, पैंजण नाहीत. एक हेडलाइट आहे.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा हंगाम असेल. आमचा ट्रक जुना, लांब नाकाचा, दोन मालकांच्या हाताखालून आलेला. हंगामात पुणतांब्याच्या बाजूचा ऊस कोपरगावच्या बाजूला कारखान्यावर टाकायचा, एवढंच त्याचं काम. ज्यांनी उसाची वाहतूक केली नाही त्यांना सांगते, त्या रस्त्यावर ट्रकच्या दिव्यांचं काय होतं ते. पाचटाची धूळ, बॉयलरची उडालेली काळी राख, वर दहिवर, खाली चिखल. दिव्याची काच बाहेरून धुरकट होते, आणि रबर सुटलं की आतही पाणी शिरतं. आमच्या ट्रकचे दोन्ही डोळे मोतीबिंदू झालेल्या म्हातारीसारखे झाले होते. लावले तरी लागलेत का नाही ते समोर हात धरून बघावं लागायचं. त्यातून त्या काळी काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवायची रीत होती, समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जाऊ नये म्हणून. म्हणजे अर्धी काच काळी आणि उरलेली अर्धी धुरकट. उजेड यायचा कुठून?

किसन म्हणायचा, "रस्ता मला पाठ हाय."

मी म्हणायचे, "तुम्हाला रस्ता पाठ हाय. रस्त्यावरल्या माणसाला तुम्ही पाठ न्हाई."

मग एक गोष्ट घडली. त्याच पाटाच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरने ऊसतोडीच्या गाडीवानाला उडवलं. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू होता, तोही डावीकडचा. गाडीवानाला वाटलं, फटफटी येतेय. तेवढ्यापुरतं अंतर ठेवून तो आपला रस्त्याच्या मधून चालत राहिला. फटफटी असती तर बाजूने निघून गेली असती. ट्रॅक्टर होता. माणूस जागेवर गेला.

तेव्हापासून कारखान्याच्या वाहतूक ऑफिसने फर्मान काढलं की ज्याचे दोन्ही दिवे नीट नाहीत त्याची गाडी गेटच्या आत येणार नाही. आमच्या ट्रकला बजावून सांगितलं : ही खेप टाका, तेवढ्यात दिवे करून आणा, आणि पुढच्या खेपेला दाखवा. नाहीतर ट्रक हंगामभर घरी.

कोपरगावात इकबाल नावाचा गाड्यांचं वायरिंग करणारा होता. आमच्या पोराच्या वयाचा, तोंडाने फटकळ, हाताने चांगला. किसन त्याच्याकडे आधीच चौकशी करून आला होता. इकबालने त्याला एकच गोष्ट बजावली होती : मामा, घेऊन या, मी करतो, पण घरी उघडू नका.

आता किसनला कोणी सांगितलं की अमुक करू नको, की त्याचा हात तिकडेच जायचा.

दुपारी मी शेजारणीकडे शेंगा फोडायला गेले होते. परत आले तर किसन ओट्यावर बसलेला, पुढ्यात माझी परात, परातीत चुलीतली राख, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी. हेडलाइट उघडून दोन तुकडे केलेले. काच एकीकडे. आणि आतली ती चकचकीत वाटी – जिच्यावरून उजेड उलटून पुढे जातो – ती त्याने मांडीत धरली होती आणि तांब्याचा हंडा घासावा तशी घसाघसा घासत होता.

मी म्हटलं, "अवो, हे काय चाललंय?"

"चकाकी आणतोय. तू कंदिलाची काच कशी करतीस राखंनं? तसंच."

"आणि ही वाटी काळी कशी झाली?"

त्याने वाटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. सगळी चांदी तळव्याला आली होती. वाटीचं नुसतं पत्र्याचं टमरेल झालं होतं.

मी हसले. हसायला नको होतं, पण मला आवरलं नाही. किसन म्हणाला, "ह्यो उजवा गेला. डाव्याची वाटी घासत न्हाई."

डाव्याची मग त्याने फक्त काच घासली. आतून-बाहेरून. ती इतकी घासली की वरचा काळा रंगही निघून आला. ती काच मात्र खरंच लख्ख झाली, माझ्या कंदिलासारखी. उजव्या काचेला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. ती होती तशीच राहिली – वरून अर्धी काळी, खालून धुरकट. त्याने ती वाटी धुतली, ओलीच काचेत बसवली आणि कडी आवळली. आत पाण्याचे थेंब तसेच. बल्ब कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला. ट्रकच्या भोकात वारा शिरू नये म्हणून गोणपाट कोंबलं.

हे सगळं मी एवढं खुलवून का सांगते ते पुढे कळेल. डावा दिवा : अख्खी काच, ट्रकमध्ये, चालू. उजवा दिवा : अर्धी काळी काच, माझ्या घरात, आंधळा. एवढं लक्षात ठेवा.

त्याच संध्याकाळी ऊस भरला होता. भरलेला ऊस उभा ठेवता येत नाही, सुकून वजन घटतं. पहाटे निघायचं, खेप टाकायची आणि तसंच इकबालकडे जायचं, असं ठरलं. मी म्हटलं, मीपण येते. दिवा खाली ठेवला तर खडखडून फुटेल, कोणीतरी तो मांडीवर धरायला हवा. खरं कारण दुसरं होतं. एका दिव्यावर किसनने एकट्याने त्या रस्त्याने जावं हे मला नको होतं. तो ट्रॅक्टरवाला मेलेल्या माणसाच्या बायकोपुढे कसा उभा राहिला होता ते मी पाहिलं होतं.

"डावी कड मी बघते," म्हटलं. "उजवी तुम्ही बघा."

"आणि मधलं?"

"मधलं दोघं मिळून."

निघालो तेव्हा आभाळ मोकळं होतं. फटफटायला आलं होतं. गावाच्या बाहेर पडलो, पाटाच्या रस्त्याला लागलो आणि धुकं आलं. आलं म्हणजे – आपण कापसाच्या गंजीत शिरावं तसं. पाटाला आवर्तन चालू होतं, पाणी भरून वाहत होतं, त्याच्यावरून वाफा निघत होत्या. डाव्या दिव्याचा उजेड नाकापुढे जाऊन तिथेच बसत होता. किसनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी माझ्या बाजूने काढलं. मांडीवर दिवा – गार, लोखंडासारखा गार, लुगड्यातून गारवा लागत होता.

"कड हाय, कड हाय," मी म्हणत होते. "उजवीकडं घ्या. बास. आता सरळ."

"गया, तुला लायसन काढून देतो," किसन म्हणाला.

"आधी दिवे काढून द्या."

पुढे पाटाला एक उतार आहे. तिथे पाणी खाली कोसळतं, त्याचा मोठा आवाज. रस्ताही तिथे उताराचा. भरलेल्या ट्रकला उतारावर जोर येतो. किसनने गिअर खाली घेतला. पाण्याच्या आवाजात आमचं इंजिन आम्हालाच ऐकू येईना.

आणि मांडी गरम झाली.

आधी वाटलं, इंजिनचा ताव लागतोय. जुन्या ट्रकमध्ये पायाला लागतो तसा. पण ताव खालून येतो. हा वरून होता, फडक्यातून. मी हात लावला आणि काढून घेतला. तेवढ्यात किसन ओरडला, "गाडी –"

समोर बैलगाडी. मधोमध.

किसनने हॉर्न दाबला, ब्रेक दाबला. दहिवराने रस्ता ओला. ट्रक घसरत निघाला, मागचा ऊस पुढे रेटत होता, पाट माझ्या बाजूला होता म्हणून किसन डावीकडे वळवत नव्हता. मी ते चार डोळे पाहिले. मी उजवीकडे पाहिलं, किसनच्या पलीकडे. तिकडचं धुकं पांढरं झालं होतं. डाव्या बाजूचं पिवळट होतं, उजव्या बाजूचं पांढरं, चुन्यासारखं. रस्त्याची उजवी कड दिसली. कडेची बाभळ दिसली, तिच्या काट्यांसकट. हरभऱ्याचं रान दिसलं. मी स्वतः पाहिलं. मी मोतीबिंदूच्या आधीची गोष्ट सांगतेय, माझे डोळे तेव्हा चांगले होते.

गाडीवानाने बैल ओढले. आपल्या डावीकडे, म्हणजे आमच्या उजवीकडे. एक चाक कडेच्या चारीत, पाण्याच्या चरात गेलं, गाडी कलली, बैल हरभऱ्यात उतरले आणि आमचा ट्रक शेजारून गेला. उसाचे शेंडे गाडीच्या लाकडी साट्याला घासून गेले, तो आवाज मला अजून येतो. पुढे जाऊन ट्रक थांबला.

किसनने इंजिन बंद केलं. फक्त पाण्याचा आवाज. मग मागून शिव्या.

शिव्या ऐकून मला बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस जिवंत असतो.

गाडीवान पळत आला. तरणा, कानाला मफलर, अंगठ्यातून रक्त. आश्रुबा त्याचं नाव, पाथर्डीकडचा, ऊसतोडीला आलेला. रात्रपाळीत ऊस रिकामा करून कोपीवर, म्हणजे आपल्या पाचटाच्या झोपडीवर, परत चालला होता. मला वाटलं, आता तो म्हणणार, एका दिव्यावर गाडी चालवतोस का. आणि तो म्हणाला असता तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. पण तो किसनची कॉलर धरून म्हणाला,

"एवढाले दिवे डोळ्यावर मारतो व्हय रं? डीम करता येत न्हाई? बैल दिपली माझी."

किसन त्याच्याकडे बघत राहिला. "कोणते दिवे?"

"तुझ्या बापाचे. दोन्हीच्या दोन्ही फुल्ल लावून आलाय आन् मलाच इचारतो कोणते."

"दादा, माझा एकच दिवा हाय."

"मी काय आंधळा हाय?"

"न्हाई, मी हाय. ये, बघ."

ते पुढे गेले. मी खाली उतरले, दिवा पोटाशी धरून. ट्रकच्या नाकापुढे आश्रुबा उभा होता. डावीकडे दिवा पिवळा जळत होता. उजवीकडे गोणपाट. आश्रुबाने गोणपाट ओढून काढलं, आत हात घातला. वायरची दोन टोकं बाहेर आली, किसनने चिकटपट्टी लावून दुमडलेली. त्याने ती हातात धरली आणि त्याच्या तोंडाचा पट्टा एकदम बंद झाला.

तेवढ्यात त्याची बायको आली. सुंदरा. खांद्यावर पोर, पोर रडत नव्हतं, बिचारं झोपेतच होतं. ती म्हणाली, "काय झालं हो? गप का झाले?"

"ह्यो म्हणतोय याला एकच दिवा हाय."

"एक कसा? दोन हुते," सुंदरा म्हणाली. अगदी साधेपणाने, बाजारात वांगी मोजावीत तसं. "मी वाढ्यावर पडले हुते. आधी एकच दिसला. मला वाटलं कारखान्याच्या स्लिपबॉयची, चिठ्ठ्या देणाऱ्या पोराची फटफटी. तो रोज याच वक्ताला येतो. म्हणलं जाईल बाजूनं. मंग दुसरा लागला, तवा मी उठून बसले आन् ह्यांना म्हणलं, ट्रक हाय, घ्या खाली."

मी विचारलं, "बाई, दुसरा कसा होता?"

"कसा म्हंजे?"

"याच्यासारखाच का?"

तिने डाव्या दिव्याकडे बघितलं. मान हलवली. "न्हाई. ह्यो अख्खा हाय. तो अर्धा हुता. वरनं कापल्यावानी. अर्धी भाकर असती का नाई, तसा. पर लई पांढरा."

किसनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दिवा माझ्या पोटाशी, फडक्यात बांधलेला. त्या बाईने तो पाहिला नव्हता. आम्ही त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

"सोड," किसन म्हणाला.

मी गाठ सोडली. फडका आतून पिवळा पडला होता, इस्त्री जास्त झाल्यावर पडतो तसा. काच वर आली. वरून अर्धी काळी. खालून अर्धी.

सुंदरा म्हणाली, "हां. ह्योच."

किसनने खिशातून कागद काढला, उलगडला आणि बल्ब दाखवला. का दाखवला कोण जाणे. बहुतेक स्वतःलाच दाखवला. दिवा माझ्या मांडीवर होता, बल्ब त्याच्या खिशात होता, आणि उजेड दिव्याच्या जागेवर होता. तिन्ही तीन ठिकाणी.

मला त्या वेळी भीती वाटली नाही, हे खरं सांगते. उलट अंगात असं काही भरलं की मला पळावंसं वाटलं. मी आश्रुबाचा अंगठा बांधला, त्याच फडक्याची चिंधी फाडून. किसन आणि आश्रुबाने मिळून गाडी चारीतून काढली. आम्ही चौघं बडबडत होतो, सगळे एकदम, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. आश्रुबा बैलांनाच सांगत होता काय झालं ते. मग किसन म्हणाला की धुकं उठेपर्यंत मी हलणार नाही, आणि खरंच हलला नाही. सुंदराने कडेचं पाचट पेटवलं. त्या जाळावर आम्ही शेकत बसलो, आणि ट्रकच्या मागे मी लाल फडका बांधला.

ऊन आल्यावर कारखान्यावर खेप टाकली आणि इकबालकडे गेलो.

त्याने दिवा उघडला. वाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "मामा, हे काय तपेलं हाय का? मी काय सांगितलं हुतं?"

"पुढं बोल," किसन म्हणाला.

"पुढं काय बोलू, यात आता भात शिजवा." तो हसत होता. मग काच उजेडाकडे धरली आणि त्याचं हसू थांबलं. आत पाण्याचे थेंब होते ना, ते आटले होते. एकेका थेंबाच्या जागी गोल पांढरा डाग उरला होता. त्याने बोट फिरवलं.

"मावशी, हा लावला कधी?"

"लावलाच न्हाई."

"लावला असणार. पाणी असं गोल डाग टाकून कधी आटतं? दिवा आत पेटून तापला तरच. सावलीत सुकलं तर ओघळ दिसतात."

"कालपासून माझ्याजवळ हाय. बल्ब ह्यांच्या खिशात."

इकबालने बल्ब बघितला, दिव्याचं मागचं भोक बघितलं. ट्रकपाशी जाऊन तिथल्या मोकळ्या वायरला टेस्टर लावला. वायर जिवंत होती, ते बरोबरच होतं. पण जिवंत वायरीला दिवा नसेल तर ती काय जाळणार?

"मग?" मी विचारलं.

"मग मला इचारू नका," तो म्हणाला. "मी पेटत न्हाई त्याची दुरुस्ती करतो. पेटलं त्याची न्हाई."

त्याने नवी वाटी बसवली. किसन म्हणाला, काच हीच राहू दे. इकबाल म्हणाला, मामा, एक अख्खी, एक अर्धी, गाडी तिरळी दिसंल. किसन म्हणाला, दिसू दे. वाहतूक ऑफिसने दुसऱ्या दिवशी दोन दिवे लागलेले पाहिले आणि ट्रक आत घेतला.

घरी येऊन मी मांडी पाहिली. लाल झाली होती. दोन-तीन दिवसांनी सालपट निघालं.

मग लोकांनी समजावलं. लोकांना त्याची हौस असते. शेजारीण म्हणाली, पाटाच्या त्या उतारावर देवाचं जुनं ठाणं आहे, नारळ दे. मी नारळ आणला, फोडला आणि त्याची चटणी केली. माझा भाचा मास्तर आहे, तो म्हणाला, आत्या, धुक्यात उजेड फुटतो, एकाचे दोन दिसतात. मी म्हटलं, मग दोन्ही अख्खे दिसले पाहिजेत, अर्धा कसा दिसला? तो म्हणाला, तुम्हीच त्या बाईला सांगितलं असेल. मी म्हटलं, मास्तर, चौकशी करायची तर नीट कर, नाहीतर चहा पी. त्याने चहा पिला. कोणी म्हणालं, तो उडवलेला गाडीवानच आला असेल वाचवायला. मला ते पटत नाही. तो कोणी आमचा नव्हता आणि आश्रुबाचाही नव्हता. आणि मेलेल्या माणसाला आमच्या दिव्याची अर्धी काच काळी आहे हे काय माहीत?

मी स्वतः करून पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात धुकं पडलं, तेव्हा घासलेली ती जुनी वाटी – इकबालने परत दिली होती – फडक्यात बांधून मांडीवर घेऊन अंगणात बसले. किसन म्हणाला, अंडं घालणार का? काही झालं नाही. गार ती गारच. मग पुढे ट्रक भंगारात गेला तेव्हा ती अर्धी काळी काच काढून घेतली आणि तीही मांडीवर घेऊन बसले. पाय आखडला, बाकी काही नाही. ती आता कोनाड्यात आहे, तिच्यात नात पेन्सिली ठेवते.

कारण मला माहीत नाही. मी मानत नाही म्हटलं तरी ते घडलं, आणि घडलं म्हटलं तरी मी मानत नाही. दोन्ही बाजूला ठेवून जगते. झोप चांगली लागते.

सुंदरा आणि आश्रुबा पुढची बरीच वर्षं हंगामाला आले. आले की आमच्याकडे भाकरी खाऊन जायचे. आश्रुबा दर वेळी किसनला विचारायचा, "मामा, आज डीम हाय ना?" किसन काही वर्षांमागे साखरेच्या आजाराने गेला, घरात, खाटेवर, माझ्या हातचं पाणी पिऊन. ट्रकने त्याला काही केलं नाही, आणि त्यानेही ट्रकने कोणाला काही केलं नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

खांद्यावर झोपलेली ती पोर आता नगरला दवाखान्यात नर्स आहे. तिला यातलं काहीच आठवत नाही. ती झोपली होती.

त्या पहाटे त्या रस्त्यावर आश्रुबा होता, सुंदरा होती, त्यांची पोर होती, किसन होता, मी होते आणि दोन बैल होते. आश्रुबाच्या अंगठ्याचं नख गेलं. बाकी सगळे वाचले.